मशिदीच्या दारी, विहाराच्या दारी
(भीमजयंती समारंभात मंडळाच्या भेट-समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाने शेजारच्या मशिदीशी २०१८ पासून जे येणेजाणे ठेवले आहे, त्याविषयी आज आम्ही बोलावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. आम्ही विद्वान नाही. आमच्यातला एक जण बस चालवीत असे, एक भगिनी इस्पितळात परिचारिका आहे, आणि तिसरा संगणकाच्या कचेरीत नोकरी करतो. धर्मांच्या तौलनिक अभ्यासावरील व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. जे घडले ते सांगू, आणि त्यातून आम्हाला जे उमगले तेही सांगू. काहींना ते पटणार नाही याची जाणीव ठेवूनच बोलतो.

पटणार नाही असे म्हणण्याचे कारण आहे. २०१८ च्या जानेवारीत हा विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा सभा रात्री उशिरापर्यंत चालली होती. या देशात ‘मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटन’च्या पुढाकाराने २०१५ पासून दरवर्षी एक रविवार असा पाळला जात होता, की त्या दिवशी मशिदीचे दार कोणालाही उघडे असे. पहिल्या वर्षी अवघ्या वीसेक मशिदींनी भाग घेतला होता. २०१८ पर्यंत ती संख्या दोनशेच्या वर गेली. आपल्या भागातील मशिदीने आसपासच्या सर्व संस्थांना पत्रे पाठवली, तसे आपल्यालाही पाठवले. पत्र साधे होते. चहा घ्या, मशीद पाहा, मनात असेल ते विचारा.

आपल्यातील एक ज्येष्ठ बंधू म्हणाले की, बाबासाहेबांनी सर्व धर्मांचा विचार करून, वीस वर्षे थांबून, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला धम्म दिला. आता पुन्हा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहण्याचे प्रयोजन काय? दुसऱ्यांनी बावीस प्रतिज्ञांचा प्रश्न काढला. एका भगिनीने मात्र सर्वांत अवघड प्रश्न विचारला. तिथे बायकांना कुठे बसवणार? डोक्यावर पदर घ्यायचा तर तो सक्तीने की खुशीने? पदर आणि डोके या विषयावर आपल्या आयाआज्यांनी पुष्कळ सोसले आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेवटी त्या भगिनीनेच मशिदीत दूरध्वनी केला. उत्तर आले की रुमाल ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. दारात ठेवलेले असतील, हवा त्याने घ्यावा.

आम्ही जे जायच्या बाजूचे होतो, त्यांचा आधार एकच शब्द होता. रोजच्या धम्मवंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि पाहा. आपल्या घरी जगाने यावे आणि पाहावे असे म्हणायचे, आणि कोणी तेच शब्द उच्चारून आपल्याला बोलावले तर मात्र घरी बसायचे, हे आम्हाला शोभेना. मतदान झाले. अगदी थोड्या मतांनी जाण्याचे ठरले.

पहिल्या भेटीला आम्ही चौदा जण गेलो. जोडे काढताना लक्षात आले की आमच्यातील निम्म्यांच्या मोज्यांना भोके आहेत. दारातील स्वयंसेवकाच्याही होती, त्यामुळे हशा पिकला आणि अवघडलेपण थोडे कमी झाले. आत विस्तीर्ण गालिचा, त्यावर आडव्या रेघा, भिंतीत मक्केच्या दिशेचा मेहराब, बाजूला मिंबर. मूर्ती नाही, तसबीर नाही. इमामसाहेबांनी सांगितले की नमाजाला जो आधी येईल तो पुढच्या रांगेत, मग तो टॅक्सीवाला असो की सर्जन. हे ऐकताना आमच्यातील अनेकांचा ऊर भरून आला. ज्यांच्या पूर्वजांना देवळाची पायरीसुद्धा चढू दिली नाही, त्यांना अशी रांग पाहून काय वाटते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

चहाच्या वेळी मागून कोणीतरी शुद्ध मराठीत विचारले, “तुम्ही गावाकडचे कुठले?” वळून पाहतो तो पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ. ते कोकणी मुसलमान, महाड तालुक्यातले, तरुणपणी या देशात कारखान्यात कामाला आलेले. महाड हे नाव ऐकताच आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचा जो हात धरला तो अर्धा तास सोडला नाही. तेव्हापासून ते आमचे चाचा झाले.

चवदार तळ्याचा विषय निघणारच होता. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, ख्रिस्ती भरीत, जनावरेही पीत. फक्त आपल्याला मज्जाव होता. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतल्यावर आपल्या लोकांची डोकी फुटली. त्या मारहाणीत कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्या परिषदेत. चाचांना ही जागेची हकीकत ठाऊक नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचे वडील त्या तळ्याचे पाणी भरायचे. त्यांना कधी कोणी हटकले नाही. तुम्हाला का हटकतात, हे त्यांनी कोणाला विचारल्याचे मात्र आम्ही कधी ऐकले नाही.”

परत येताना आम्ही फार खुशीत होतो. आज मागे वळून पाहता वाटते की ती खुशी जरा लवकरची होती. यजमानाने चांगले तेवढे दाखवले आणि पाहुण्याने चांगले तेवढे पाहिले, तर तिला भेट म्हणतात. ओळख त्यापुढची आहे.

रीतीप्रमाणे परतीचे आमंत्रण आपण दिले. त्या वर्षी वैशाख पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीस आली होती, आणि रमजान त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी सुरू व्हायचा होता. मशिदीतून बावीस पाहुणे आले, त्यांत सात स्त्रिया. आपल्याकडे स्त्री-पुरुष एकत्र बसतात हे आधी कळवले होते. दोघे-तिघे जण मागच्या भिंतीशी उभे राहिले, बाकीचे बसले. बुद्धमूर्तीपुढे कोणी हात जोडावेत अशी अपेक्षा नाही, हेही सांगितले होते. आपण या मूर्तीकडे काही मागत नाही, नवस बोलत नाही, ती एका मानवाची आठवण आहे, असे आपल्या एका भगिनीने समजावून सांगितले. इमामसाहेब लक्षपूर्वक ऐकत होते. खीर झाली, पुलाव झाला, सगळे यथासांग चालले होते.

तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उठली. तिच्या घरचे मूळचे चितगावकडचे. ती म्हणाली, “तुम्ही पंचशील म्हटलेत, त्यातले पहिलेच शील प्राण्यांची हिंसा न करण्याचे आहे. मग म्यानमारमध्ये रोहिंग्यांची गावे जाळली गेली तेव्हा चीवर घातलेले भिक्खू द्वेषाची भाषणे का करीत होते?”

सभागृहात शांतता पसरली. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात आले होते. ती घटना तेव्हा ताजी होती. आमच्यातील एकाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तो पंथ वेगळा, आपला बाबासाहेबांनी दिलेला नवयान वेगळा. आणि खऱ्या धम्मात हिंसेला स्थानच नाही.

बंधुभगिनींनो, हे वाक्य बोलून झाले आणि बोलणाऱ्यालाच ते टोचले. ‘खऱ्या धर्मात असे काही नाही’ हे वाक्य आपण कोणाच्या तोंडून ऐकत आलो आहोत? खऱ्या हिंदू धर्मात अस्पृश्यता नाही, ती नंतर शिरलेली विकृती आहे, असे आपल्याला आजवर किती सुशिक्षित सज्जनांनी सांगितले! आणि ते ऐकून आपल्या अंगाचा किती संताप झाला! आमच्या आजोबांना गावाबाहेर ठेवणारे लोक मग कोणत्या धर्माचे होते, असे आपण विचारीत आलो. त्या दिवशी तेच वाक्य आमच्या तोंडून एका शाळकरी मुलीला ऐकावे लागले.

तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ उपासकांनी उठून ते उत्तर मागे घेतले. ते म्हणाले, “बेटी, ते बौद्ध होते, आणि त्यांनी पाप केले. आम्ही त्याचा निषेध मोठ्याने करायला हवा होता. केला नाही.” हे उपासक म्हणजे मशिदीत जायला सर्वांत कडाडून विरोध करणारे तेच बंधू, हे सांगितलेच पाहिजे.

मग आपल्या बाजूचा एक बारा वर्षांचा मुलगाही धीट झाला. त्याने इमामसाहेबांना बामियानचे विचारले. २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने तिथल्या दोन बुद्धमूर्ती सुरुंग लावून फोडल्या, त्यांतली मोठी पंचावन्न मीटर उंच होती. सुमारे दीड हजार वर्षे उभ्या होत्या, तुमच्यापैकी कोणी काही बोलले का? इमामसाहेबही ‘ते खरे मुसलमान नव्हेत’ असे म्हणू शकले असते. आधीच्या बोलण्यामुळे असेल कदाचित, पण ते तसे म्हणाले नाहीत. तेव्हा आपण विद्यार्थी होतो, चूक झाली हे कळत होते आणि आपण गप्प बसलो, एवढेच त्यांनी सांगितले.

त्या दिवसानंतर दोन्हीकडच्या समित्यांत एक अलिखित करार झाला आहे. ‘खऱ्या धर्मात असे नाही’ हे वाक्य या भेटींत कोणी वापरायचे नाही. कोणी वापरलेच तर मुले लगेच बोट दाखवतात, आणि मोठ्यांची पंचाईत होते.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही इफ्तारला गेलो. या देशात उन्हाळ्याचा दिवस किती लांबतो ते आपण जाणता. रोजा सोडायला रात्रीचे पावणेनऊ-नऊ वाजतात. आपली लहान मुले तोवर पेंगुळली होती. खजूर आणि पाणी वाटले गेले. आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले होते. आभार मानून मोकळे होता आले असते, परंतु समितीने आधीच विचार करून ठरवले होते की त्या पाण्याच्या पेल्यापुढे दौलताबाद सांगायचे.

आपल्यातील तरुणांनी बाबासाहेबांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही आत्मकथनपर टिपणे वाचली नसतील तर अवश्य वाचावीत. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. दाराशी एक छोटे तळे काठोकाठ भरलेले. काहींनी हातपाय-तोंड धुतले. इतक्यात एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला की या लोकांनी तळे बाटवले. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी विचारले की हेच का तुमचा धर्म शिकवतो, आणि यांच्यातला कोणी आज मुसलमान झाला तर त्याला पाण्यापासून अडवाल का? जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी त्यावरून काढला.

महाडचा फत्तेखानही खरा आणि दौलताबादचा तो दाढीवालाही खरा. पहिली गोष्ट २०१८ मध्ये सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. दुसरी सांगितली तेव्हा एकाही हाताची हालचाल झाली नाही. आम्हाला वाटले, झाले, आता पुढच्या वर्षी आमंत्रण येत नाही.

शांतता मोडली ती चाचांनी. ते उभे राहिले आणि आपल्याच लोकांना उद्देशून हिंदुस्तानीत बोलू लागले. बिरादरी बघितल्याशिवाय आपल्यात किती लग्ने झाली, मशिदीची कमिटी निवडताना कोण कोणाला मत देतो, न्हाव्याच्या आणि विणकराच्या मुलाला सय्यदाच्या घरी मुलगी मिळते का, हे त्यांनी एकामागून एक विचारले. काहींनी माना खाली घातल्या. एक गृहस्थ रागावून उठून गेले, ते दोन वर्षे आमच्याशी बोलले नाहीत. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात मुसलमान समाजातील अश्रफ, अजलफ, अरजल या थरांची चर्चा १९४० मध्येच केली आहे. आम्ही ती वाचलेली होती. परंतु आदल्या वर्षी जी रांग पाहून आमचा ऊर भरून आला होता, त्या रांगेतील माणसांकडूनच ती ऐकणे निराळे होते. नमाजाची रांग खोटी नव्हती. ती गालिच्यावरच संपते, एवढेच आम्हाला नव्याने कळले. आपल्याकडे वंदनेला एकत्र बसणारे लग्न जुळवताना पोटजात विचारीत नाहीत, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी कोण म्हणेल? हा प्रश्न त्या रात्री एका मुस्लिम भगिनीने आम्हाला परत केला, आणि आम्हाला खाली पाहावे लागले.

पुढच्या वर्षीचे आमंत्रण आले. पण २०२० मध्ये महामारीने सर्वांचीच दारे बंद केली. त्या काळात मशिदीच्या स्वयंपाकघरातून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना डबे जात; आपले सहा ज्येष्ठ त्या यादीत होते, आणि डबे पोहोचवणाऱ्या गाड्यांपैकी दोन आपल्या मुलांच्या होत्या.

आता २०२४ च्या ऑगस्टविषयी. २९ जुलै रोजी साउथपोर्टमध्ये तीन चिमुकल्या मुलींची निर्घृण हत्या झाली. हल्लेखोर मुसलमान निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली आणि दुसऱ्या संध्याकाळी तेथील मशिदीवर दगड-विटांचा मारा झाला. नंतरच्या आठवड्यात अनेक शहरांत दंगली झाल्या. आपल्या गावात काही झाले नाही, पण दुकाने दुपारीच बंद होत होती, आणि आपल्या भगिनी रात्रपाळीला एकट्या जाईनात. दगड मारणारा माणूस तुम्ही नमाज पढता की त्रिशरण घेता हे विचारीत नाही. तो कातडीचा रंग पाहतो.

त्या आठवड्यात आपले तेवीस लोक शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मशिदीबाहेर फुटपाथवर उभे राहिले. त्यात काही शौर्य होते असा दावा आम्ही करीत नाही. पाऊस होता आणि पोलिसांची गाडीही होती. परंतु कोणी सभा बोलावली नव्हती, मतदान झाले नव्हते. २०१८ मध्ये जायचे की नाही यावर रात्र घालवणारे आपण, या वेळी एका दूरध्वनीवर जमलो. आणि त्याच रविवारी वंदनेच्या वेळी आपल्या भाड्याच्या सभागृहाबाहेर मशिदीतील पाच जण छत्र्या घेऊन उभे होते. त्यांत २०१९ साली रागावून उठून गेलेले गृहस्थही होते.

या देशात असे प्रयत्न नवीन नाहीत. वोकिंगची शाहजहान मशीद १८८९ मध्ये उभी राहिली ती ज्यू कुटुंबात जन्मलेल्या डॉ. लाइटनर यांच्या खटपटीने आणि भोपाळच्या बेगमेच्या पैशाने. २०१३ च्या मे महिन्यात यॉर्कच्या मशिदीपुढे निदर्शने करायला आलेल्या मूठभर लोकांना आतल्या मंडळींनी चहा-बिस्किटे दिली आणि मग त्यांच्याशी फुटबॉल खेळले. त्याच सुमारास ब्रॅडफर्डचे जुने ज्यू प्रार्थनामंदिर छप्पर गळून बंद पडायच्या बेतात होते, ते वाचवायला तेथील मुसलमान धावले. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८७ पासून या कामाचा देशभर मेळ घालणारी ‘इंटर फेथ नेटवर्क’ ही संस्था सरकारी निधी बंद झाल्यामुळे २०२४ मध्ये मिटली. तेव्हा वरून कोणी काही करील ही आशा नको. मोज्यांची भोके झाकून आपणच एकमेकांकडे जायचे आहे.

आम्हाला अजूनही काही गोष्टी जमलेल्या नाहीत. त्यांच्याकडील स्त्रिया येतात, पण बोलतात फार थोड्या. आपल्याकडील तरुण फुटपाथवर उभे राहतात, मात्र रविवारच्या भेटीला येत नाहीत. आणि भारतातून वाईट बातमी आली की दोन्हीकडे आठवडाभर फोन थंडावतात, हेही खरे आहे.

चाचांचे गेल्या हिवाळ्यात निधन झाले, हे आपणास माहीत आहे. त्यांच्या दफनविधीला आपले बरेच लोक गेले होते; मूठभर माती टाकण्याचा मान त्यांच्या मुलाने आपल्या ज्येष्ठ उपासकांनाही दिला.

पुढील महिन्यात वैशाख पौर्णिमेला मशिदीतील मंडळी पुन्हा येत आहेत. २०१८ मध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी आता कायद्याची पदवीधर आहे, आणि म्यानमारविरुद्ध गांबिया या देशाने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याविषयी ती आपल्या विहारात अर्धा तास बोलणार आहे. नंतर प्रश्नोत्तरे होतील. साठ माणसांची खीर लागेल. ज्या भगिनी व बंधू ती करू शकतील त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडे नावे द्यावीत.

जय भीम.